बायकांचे ओढे

काँगो खोऱ्याच्या जंगलात मासेमारीची सरळ वाटणी आहे. नदी पुरुषांची, ओढे बायकांचे. नदीवर होडी लागते, जाळी लागतात, गळांच्या लांब दोऱ्या लागतात, रात्ररात्र मुक्काम लागतो. ते मासे बाजारात जातात, त्यांचा भाव ठरतो, कधी त्यांच्यावर कर बसतो. ओढ्यावर यातले काही लागत नाही. टोपली, कोयता, कुदळ, एखादे घमेले आणि चारजणींची सोबत एवढ्यावर काम भागते. ते मासे त्याच संध्याकाळी शिजतात किंवा चुलीवरच्या तट्टीवर धुरायला चढतात, आणि कुठल्याही वहीत त्यांची नोंद होत नाही. ही वाटणी अगदी काटेकोर नव्हे. नवरा-बायको मिळून नदीवर जाणारी कुटुंबे आहेत, गळ टाकणाऱ्या बायकाही आहेत. पण कॅमेरूनच्या दक्षिणेपासून काँगो नदीच्या मोठ्या वळणापर्यंत ढोबळ चित्र हेच आहे. या पुस्तकाचा विषय त्यातला दुसरा वाटा, म्हणजे ओढ्याचा.

काँगो खोऱ्याचे वर्षावन ॲमेझॉनच्या खालोखाल जगात मोठे. कॅमेरून, गॅबॉन, विषुववृत्तीय गिनी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगो प्रजासत्ताक आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक अशा सहा देशांत ते पसरले आहे. मधून वाहणारी काँगो नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे आणि विषुववृत्त दोनदा ओलांडते. उबांगी, सांघा, कसाई या तिच्या उपनद्या शाळेच्या नकाशातही सापडतात. जंगलातल्या घराचे रोजचे पाणी मात्र त्यांचे नसते. ते दाट सावलीतून, कुजलेल्या पाल्यावरून तांबूस होऊन वाहणाऱ्या असंख्य बारक्या ओढ्यांचे असते. यातले बरेच इतके अरुंद की दोन ढांगांत ओलांडावेत. पिण्याचे पाणी तिथलेच, धुणेभांडी तिथेच, कंद भिजवायचे तिथेच आणि मासेही तिथलेच.

आपल्याकडे सह्याद्रीत ओढ्याच्या माशांचा हंगाम पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर येतो. वलगणीचे मासे चढू लागले की ठाणे-रायगडातली गावेच्या गावे शेतात आणि वहाळात उतरतात, आणि कातकरी, ठाकर बायका पुढे बरेच दिवस मुठे आणि बारीक मासळी वेचत राहतात. काँगो खोऱ्यात गणित उलटे आहे. पाऊस चालू असतो तेव्हा पाणी जंगलभर पसरते, मासे झाडांच्या मुळांत विखुरतात आणि हाती लागत नाहीत. कॅमेरूनच्या दक्षिणेला डिसेंबर ते फेब्रुवारी आणि विषुववृत्ताच्या खाली जून ते ऑगस्ट हे कोरडे महिने. पाणी उतरते, मासे उरलेल्या डबक्यांत दाटीने गोळा होतात, आणि बायका निघतात.

बांध घालून पाणी उपसणे ही या मासेमारीची मुख्य रीत. ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यातले कौशल्य वरवर पाहून कळत नाही. काठ उभे आहेत, मुळे पाण्यात उतरली आहेत, खाली गाळ आहे पण फार खोल नाही, असा ओढ्याचा तुकडा आधी निवडायचा. वरच्या अंगाला पहिला बांध. फांद्या तोडून उभ्या रोवायच्या, त्यांत आडव्या काटक्या अडकवायच्या, मोठी पाने कोंबायची आणि पायाखालचा चिखल ओंजळीओंजळीने उचलून सगळे लिंपून काढायचे. काही अंतरावर खाली दुसरा बांध. मग मधले पाणी घमेल्यांनी, पातेल्यांनी, पूर्वी पानांनी मढवलेल्या टोपल्यांनी खालच्या बांधापलीकडे फेकायचे. हा उपसा थांबवून चालत नाही. वरून येणारे पाणी बांधामागे साठत असते, त्याचा दाब वाढत असतो, आणि एका जागी झिरपा सुरू झाला की सगळा बांध वाहून जाऊ शकतो. म्हणून एकजण, बहुधा वयाने मोठी, वरच्या बांधापाशीच राहते आणि जिथे पाझरेल तिथे चिखल थापत राहते.

पाणी घोट्यापर्यंत आले की खरी पकड सुरू होते. वर तडफडणारे बारीक मासे पोरेच गोळा करतात. मोठा मासा गाळात किंवा काठाखालच्या बिळात असतो. बाई आडवी होऊन बिळात खांद्यापर्यंत हात घालते आणि नुसत्या स्पर्शाने ओळखते. गुळगुळीत आणि मिशांचा लागला तर मांगुराच्या कुळातला. त्याच्या परांच्या कडेला काटे असतात, म्हणून तो डोक्यामागे दाबून धरायचा. खवल्यांचा लागला तर मरळीच्या जातीचा. कवच लागले तर खेकडा. कधी बिळात पाणसाप निघतो, आणि या खोऱ्यात पाण्यात राहणारा नाग आहे. विजेचा झटका देणारा मासाही आहे. त्याला हात लागला की हात खांद्यापर्यंत बधिर होतो. शेवटी गाळ टोपलीने उपसून चाळायचा, झिंगे वेचायचे. सगळे झाले की बांध फोडायचे, म्हणजे ओढा पुन्हा वाहता होतो.

मला या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे सामुदायिक रूप. एकटीला हा बांध घालता येत नाही. दोघींनाही कठीण. घालणारी, उपसणारी, राखणारी आणि वेचणारी असे हात एकाच वेळी लागतात, त्यामुळे सासू-सून, बहिणी, शेजारणी, कडेवरचे मूल आणि मागे धावणारी चार पोरे असा सगळा लवाजमा पाण्यात असतो. शिकार-संकलनावर जगणाऱ्या बाका समाजाची मुले इथेच शिकतात. कोणी त्यांना शिकवायला बसवत नाही. त्यांची छोटी टोपली असते, मोठ्या बांधाशेजारी त्यांचा छोटा बांध असतो, आणि त्यात सापडलेला मासा त्यांचाच. ज्यांच्या पाण्यावरच्या तालवादनाचे ध्वनिमुद्रण जगभर ऐकले गेले त्या बायकाही याच. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्या तळव्यांनी पाणी वाजवतात. युरोपातल्या संगीतरसिकांना हा ताल ठाऊक आहे, पण त्याच बायका त्याच पाण्यातून जेवण काढतात हे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

काँगो नदीच्या व्यवस्थेत माशांच्या ७०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जगात दुसरीकडे कुठे नाहीत. बायकांना त्यांतल्या ओढ्याच्या जाती नावानिशी, सवयीनिशी माहीत असतात. कोणती रात्री बाहेर पडते, कोणती गाळात तग धरते, कोणती पहिल्या पावसाला वर चढते आणि म्हणून त्या आधीच धरावी लागते, हे सगळे. मराठी वाचकाला या कुळांतला निदान एक मासा फार लांबचा नाही. आपल्याकडे बंदी असूनही चोरून वाढवला जाणारा आणि अधूनमधून हजारो किलोंनी नष्ट केला जाणारा ‘थाई मांगूर’ मुळात आफ्रिकेतलाच.

मासे गुंगवण्याची विद्याही ओढ्यावर चालते. टेफ्रोसिया नावाचे एक झुडूप गावाकडेला मुद्दाम लावतात. त्याचा पाला कुटून साचलेल्या पाण्यात कालवला की त्यातल्या रोटेनोनमुळे मासे श्वास कोंडून वर येतात. आपल्याकडे रामेठ्याचा उपयोग यासाठीच होत आला. वनस्पतीचे हे विष उन्हात आणि वाहत्या पाण्यात लवकर विरते, आणि ते घालायचे केव्हा, कुठे, कोणाच्या संमतीने याचे संकेत गावागावांत ठरलेले असतात. कोकोच्या बागांसाठी आलेल्या कीटकनाशकांना असा कुठलाच संकेत नाही. बाटलीभर औषधाने पूर्ण ओढा मरतो, अंडी आणि पिलांसकट, आणि तेच पाणी खालच्या वस्तीत प्यायले जाते. बायकांची मासेमारी पर्यावरणाला धार्जिणी असते असे सरसकट मी म्हणणार नाही. मच्छरदाणीच्या कापडाने ओढा गाळून काढणाऱ्याही बायकाच असतात. पण त्या कापडापर्यंत त्या कशा आल्या, आधी मासा किती कमी झाला होता, हे विचारल्यावाचून त्यांना दोष देणे बरोबर नाही.

आता ओढ्यात भिजणाऱ्या कंदाविषयी. काँगो खोऱ्याचे मुख्य अन्न कसावा. आपण उपासाला खातो तो साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा, तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास तयार होणारा. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आफ्रिकेत गेला. त्याच्या कडू जातींत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. कीड आणि रानडुकरे त्यामुळेच त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि म्हणूनच जंगलात तो लावणे परवडते. पण खाण्याआधी तो तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालावा लागतो, मऊ पडला की सोलून, पिळून, वाळवून किंवा वाफवून घ्यावा लागतो. हे सगळे काम बायकांचे आणि ते होते ओढ्यातच.

घाईघाईने, अपुऱ्या भिजवणीने कंद खाल्ला आणि जोडीला प्रथिने नसली तर कोन्झो नावाचा आजार होतो. दोन्ही पाय एकाएकी ताठतात आणि कायमचे तसेच राहतात. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या नैऋत्येला, जंगल संपून माळरान सुरू होते त्या क्वांगो भागातले रुग्ण पाहून त्रोली नावाच्या इटालियन डॉक्टरने १९३८ साली त्याचे वर्णन केले. पुढच्या संशोधनात कळले की शरीरात गेलेले थोडे सायनाइड निकामी करायला गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, आणि ती मिळतात मासे-मांसातून. आजार सर्वाधिक होतो तो मुलांना आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना. आता ओढ्याकडे पुन्हा पाहा. कंदातले विष धुऊन नेणारे पाणी तेच आणि उरलेल्या विषावर उतारा देणारा मासाही त्याच पाण्यातला. हा मेळ कुठल्या आहारतज्ज्ञाने जुळवलेला नाही. शेकडो वर्षे कंद आणि मासा एकाच पानावर वाढणाऱ्या बायकांच्या हातून तो जुळला. हे पुस्तक सिद्ध करताना ज्या एका गोष्टीने मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ती हीच.

मासा कसा खाल्ला जातो यालाही महत्त्व आहे. ओढ्यातला बहुतेक मासा बोटभर लांबीचा. तो काट्यासकट, डोक्यासकट खातात. मोठ्या पानात मीठ-मिरचीबरोबर गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेल्या अशा पुडीला लिंगाला भाषेत ‘लिबोके’ म्हणतात, आणि आज ती किन्शासाच्या खानावळींतही मिळते. बारीक मासा सगळाच्या सगळा खाल्ला की कॅल्शियम, लोह आणि अ जीवनसत्त्व पोटात जाते. मोठ्या माशाच्या तुकड्यातून ते तेवढे मिळत नाही. त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या शकुंतला थिल्स्टेड यांनी बांगलादेश आणि इतरत्र बारीक माशांवर केलेल्या कामासाठी त्यांना २०२१ साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. बारीक मासा ही गरिबाची तडजोड समजली जात होती. त्यांच्या कामानंतर तसे समजणे अवघड झाले आहे.

जे शिजत नाही ते धुरवले जाते. चुलीवरच्या तट्टीवर मासे काळपट, कडक होईपर्यंत ठेवतात. दमट हवेत दुसऱ्या रीतीने ते सहसा टिकत नाहीत. टोपलीभर धुरवलेला मासा रस्त्याकडेच्या गावात विकून मीठ, साबण, मुलाची वही, दवाखान्याचे पैसे येतात. वर्षाच्या बाकीच्या महिन्यांत जंगलातून आणलेल्या कोको नावाच्या रानवेलीच्या (ही चॉकलेटच्या कोकोहून वेगळी) पानांतून, रानआंब्याच्या बियांतून, पावसाळ्यात झाडावरून गोळा केलेल्या सुरवंटांतून असाच पैसा येतो. पुरुषाचा पैसा कधी तरी एकदम मोठा येतो, लाकडाच्या किंवा कोकोच्या हंगामात. बाईचा पैसा थोडा थोडा पण सतत येतो, आणि घर त्यावर चालते.

मग हे काम मोजले का गेले नाही? १८९५ साली मेरी किंग्जली ही इंग्रज प्रवासी गॅबॉनच्या ओगोवे नदीवर आणि आसपासच्या किनाऱ्यावर होती. ब्रिटिश म्युझियमसाठी गोड्या पाण्यातले मासे मिळवणे हे तिचे एक काम. कोरिस्को बेटावरच्या तळ्यांत बायका टोपल्यांनी मासे धरतात असे कळल्यावर ती मुद्दाम तिकडे गेली, आणि १८९७ च्या ‘ट्रॅव्हल्स इन वेस्ट आफ्रिका’ या पुस्तकात तिने ते लिहिले. तिने नेलेल्या माशांतल्या काही जातींना तिचे नाव मिळाले. त्या काळच्या पुरुष प्रवाशांच्या लेखनात शिकारीची प्रकरणे भरभरून येतात. ओढ्यातल्या बायकांपाशी थांबलेले फार थोडे. तिला मासेच हवे होते, म्हणून तिला बायकांना विचारावे लागले.

पुढे वसाहतीच्या आणि मग स्वतंत्र देशांच्या मत्स्यखात्यांनी मासे मोजले ते धक्क्यांवर आणि बाजारात. ओढ्याला धक्का नसतो. अलीकडे चित्र थोडे पालटते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर संस्थांबरोबर केलेला मोठा अभ्यास २०२३ साली बाहेर आला. जगात पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी किमान ४० टक्के वाटा छोट्या मासेमारीचा आहे आणि तिच्यात व तिच्याभोवतीच्या कामांत दर दहा माणसांमागे चार बायका आहेत, असे त्यात दिसले. तरीही जंगलातल्या ओढ्यांतली, घरी खाल्ली जाणारी मासळी अशा आकड्यांत पुरती येणे कठीणच.

न मोजलेल्या गोष्टीची भरपाईही मिळत नाही. लाकूडतोडीचा रस्ता ओढा ओलांडतो तेव्हा खाली ओंडके टाकून भराव घालतात. ओंडके तुंबतात, वरचे जंगल पाण्याखाली कुजते, खालचा ओढा गाळाने भरतो. पूर्व कॅमेरूनमध्ये सोन्याच्या खाणकामाने ओढ्यांचे तळच उकरले गेले आहेत. तोडलेल्या झाडाचा मोबदला निदान कागदावर तरी ठरतो, उपसण्याजोग्या न उरलेल्या ओढ्याचा ठरत नाही. संरक्षित वनांचीही गोष्ट अशीच. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातले सालोंगा राष्ट्रीय उद्यान १९७० साली झाले, क्षेत्र सुमारे ३६,००० चौरस किलोमीटर. अनेक गावांच्या जुन्या मासेमारीच्या जागा त्याच्या हद्दीत गेल्या. शिकाऱ्याला अडवण्यासाठी असलेला पहारेकरी टोपली घेतलेल्या बाईलाही अडवतो. जंगल राखले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही; पण ज्यांच्या वावराने ते आजवर राखले गेले त्यांना बाहेर काढून ते राखणे अन्यायाचे आहे, आणि हे स्पष्ट लिहायलाच हवे.

या अन्यायातही पायऱ्या आहेत. बाका, आका अशा शिकार-संकलनावर जगणाऱ्या समाजांच्या बायका आणि शेजारच्या बांटूभाषक शेतकऱ्यांच्या बायका एकाच ओढ्यावर भेटतात, पण बरोबरीच्या नात्याने नेहमीच नाही. शेतावर दिवसभर राबून बाका बाईला मूठभर कंद किंवा थोडी दारू मिळाली अशा नोंदी पुष्कळ आहेत. ओढ्यावरच्या एकजुटीविषयी लिहिताना हे झाकता येणार नाही.

कायदे मात्र झाले आहेत. मूळनिवासी समाजांच्या हक्कांचा कायदा काँगो प्रजासत्ताकाने २०११ साली केला, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने २०२२ साली. कॅमेरूनच्या वनखात्याने २०१९ साली बाका संघटनेबरोबर लोबेके आणि शेजारच्या उद्यानांतल्या प्रवेशाचा करार केला. सामुदायिक वनांची तरतूद या कराराआधीची: कॅमेरूनमध्ये १९९४ च्या वनकायद्याखाली ५,००० हेक्टरपर्यंत, काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१४ च्या आदेशाने ५०,००० हेक्टरपर्यंत. या वनांचे अर्ज नकाशासह करावे लागतात, आणि नकाशा कोणाबरोबर फिरून काढला यावर त्यात काय येते ते ठरते. पुरुषांबरोबर फिरले तर शिकारीच्या वाटा, मधाची झाडे, जुन्या वस्त्या येतात. बायकांबरोबर फिरले तर ओढे येतात, त्यांची नावे येतात, कोणता तुकडा कोणत्या घराण्याचा आणि कोणता सगळ्यांचा हे येते.

२०१७ साली याच खोऱ्याच्या मध्यभागी सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटरचा दलदलीचा पट्टा संशोधकांनी मोजला. त्याच्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, ३० अब्ज टनांच्या आसपास कार्बन आहे. तेव्हापासून या पट्ट्याच्या रक्षणासाठी पैसे, करार, परिषदा सुरू आहेत. त्या दलदलीत कुटुंबांची वारसाने आलेली मासळीची डबकी आहेत, आणि कोरड्या दिवसांत ती उपसली जातात. कार्बनचा भाव ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ही डबकी अजून पोचलेली नाहीत. या पुस्तकाच्या शेवटच्या भागातले लेख मुख्यतः या प्रश्नाचे आहेत. पहिल्या दोन भागांत अनुक्रमे पकडण्याच्या रीती आणि स्वयंपाक-व्यापार आला आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल, पण बांधाचे वर्णन सोडू नये.

महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ड) खाली मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. बांबू आणि तेंदूच्या दाव्यांत जितके कष्ट घेतले जातात तितके या कलमासाठी फारसे घेतले गेलेले दिसत नाहीत. पुढचा दावा भरताना ग्रामसभेतल्या बायकांना बरोबर घेऊन ओढे, कोंड आणि वलगणीच्या जागा चालून पाहाव्यात, आणि त्या नावानिशी अर्जात लिहाव्यात.